विंगेतला कबुलीजबाब

मी विंगेत असताना नाटकात कुणी तीन मोजेपर्यंत गप्प राहिलेलं नाही. सत्तावीस वर्षांत असं फक्त एकदा घडलं. ते एक सोडलं तर अख्ख्या मराठवाड्यात माझ्यासारखा प्रॉम्प्टर झाला नाही. हे मी म्हणत नाही, आमच्या नाट्यमंडळाचे तात्यासाहेब म्हणायचे. मी फक्त त्यांना अडवायचो नाही.

ज्यांनी नाटक खुर्चीत बसूनच पाहिलं त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रंगमंचाच्या कडेला, लोकांना दिसणार नाही अशी जागा असते, तिला विंग म्हणतात. तिथं एक माणूस नाटकाची वही घेऊन बसतो. नटाचं वाक्य अडलं की तो ते दबक्या आवाजात पुरवतो आणि नट ते मोठ्यानं बोलतो. यात दोघांनीही विचार करायचा नसतो. समोरचा गप्प झाला की द्यायचं, ही माझी सवय. विंगेतून आलं की बोलायचं, ही नटाची सवय. या दोन सवयींनी मिळून पुढं जो घोटाळा केला, तो सांगायला बसलो आहे.

पण त्याआधी एक गोष्ट कबूल करतो, म्हणजे नंतर गोंधळ नको. या सत्तावीस वर्षांतली पहिली वीस-बावीस वर्षं मला वाचता येत नव्हतं.

अठ्ठेचाळीस साली निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. चितेगावात आमच्या आळीतली चार पोरं शाळेत गेली, मी बैलांमागं गेलो. बाविसाव्या वर्षी शहरात आलो आणि तात्यासाहेबांच्या नाट्यमंडळात पडदा ओढायला लागलो. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. पडदा ओढणाऱ्याला दोन ओढींच्या मधे दुसरं काम नसतं, म्हणून मी ऐकायचो. ऐकून ऐकून सगळी नाटकं पाठ झाली. एकाहत्तर साली आमच्या प्रॉम्प्टरची नांदेडला बदली झाली, तेव्हा तात्यासाहेबांनी वही माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "पुंजाराम, तुला सगळं येतं. बस विंगेत."

"मला वाचता येत नाही" हे म्हणायला तेव्हा एक क्षण होता. तो मी जाऊ दिला. नंतर दुसरा आलाच नाही.

तालमीत मी सगळ्यांच्या आधी येऊन बसायचो आणि सगळ्यांच्या नंतर उठायचो. लेखकानं एखादं वाक्य बदललं तर म्हणायचो, "तुमच्या तोंडून एकदा ऐकू द्या, म्हणजे सूर कळतो." स्वतःचं वाक्य स्वतः वाचून दाखवायला नाही म्हणणारा लेखक मला अजून भेटलेला नाही. त्यामुळं कुणालाही शंका आली नाही. पान कधी उलटायचं तेही मी ठरवून टाकलं होतं. आशाबाई डावीकडून उजवीकडं गेल्या की एक पान.

आशाबाई म्हणजे आमच्या मंडळाच्या मुख्य नटी. आवाज असा की शेवटच्या रांगेतला माणूस मागं वळून बघायचा, कोण बोललं म्हणून. त्यांचा माझ्यावर इतका भरवसा की विंगेतून मी काहीही दिलं तरी त्या बोलायच्या. एकदा तालमीत मला जोराची शिंक आली, तर त्या मोठ्यानं शिंकल्या.

आता ते एक. सत्त्याऐंशी सालची गोष्ट. रविवारी दुपारचा प्रयोग होता. लेखकानं ऐन वेळी तिसऱ्या अंकातली चार वाक्यं बदलली, दोन चिठ्ठ्यांवर लिहिली, एक आशाबाईंना दिली, एक मला, आणि नान खलिया खायला निघून गेला. माझा सूर ऐकायचा राहूनच गेला. तिसऱ्या अंकात नेमक्या त्याच जागी आशाबाई थांबल्या. एक. दोन. तीन. त्यांनी विंगेकडं पाहिलं. मी चिठ्ठीकडं पाहिलं. मुंग्या गुळावर बसाव्यात तशी अक्षरं बसली होती, त्यातली एकही उठून माझ्याशी बोलेना. शेवटी पडदा पाडावा लागला.

"बाईंचं पाठांतर गेलं," असं लोक म्हणाले. तात्यासाहेब म्हणाले, पेपरात आलं, आणि शेवटी आशाबाईही तसंच म्हणायला लागल्या. त्यांनी काम सोडलं आणि उस्मानपुऱ्यात शिवणाचे वर्ग काढले. मी कुणाला काही बोललो नाही. मुकुंदवाडीत साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा मी गुपचूप नाव घातलं. बायको, मनकर्णाबाई, सोबत म्हणून आली आणि माझ्या आधी दोन महिने वाचायला लागली. हे ती भेटेल त्याला सांगते, म्हणून मीच आधी सांगून टाकलं.

त्यानंतर अठ्ठ्याण्णव साल आलं. तात्यासाहेबांनी एक नवं नाटक घेतलं होतं. मुख्य पात्र पन्नाशीची बाई. नाटक वाचून झालं तेव्हा सगळ्यांच्या मनात एकच नाव होतं, पण ते कुणी घेईना. शेवटी तात्यासाहेब मला म्हणाले, "पुंजाराम, आशाबाईंना घ्यावं वाटतं. पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि पुन्हा गप्प झाल्या तर? आधी बघायला पाहिजे."

"कसं बघायचं?" मी विचारलं.

"त्याची सोय केलीय. आपली मालिका आहे ना, जाहीर संवादांची."

ही मालिका तेव्हा नवीन होती. एक मनोविश्लेषक आणि एक नाटकवाला अशा दोघांनी लोकांसमोर बसून बोलायचं. मन काय असतं, पात्र मनात कसं शिरतं, अशा गोष्टी. मनोविश्लेषक म्हणून डॉक्टर ताहेरा येत. लहानपण उस्मानपुऱ्यातलं, शिक्षण मुंबईचं, स्वभाव शांत. पहिल्या संवादाला एक दिग्दर्शक आले होते. ते स्वतःच्या आईवर सव्वादोन तास बोलले, डॉक्टरांना नमस्कारसुद्धा करता आला नाही. तरी लोक खूश होते. दुसऱ्या संवादाला आशाबाईंना बोलवायचं, त्या तासभर रंगमंचावर न अडता बोलल्या तर भूमिका त्यांची, नाहीतर पुण्याहून कुणीतरी आणायचं, असं तात्यासाहेबांनी ठरवलं.

आशाबाईंना हे कळलं. त्या मुकुंदवाडीला माझ्या घरी आल्या.

"पुंजारामभाऊ, मी येते म्हणून सांगितलंय. पण तुम्ही विंगेत पाहिजे."

"आशाबाई, हे काय नाटक नाय. तुमच्या मनातलं तुम्हीच बोलायचंय. मी काय देणार?"

"काही देऊ नका. नुसते बसा. मला तिकडं बघता आलं पाहिजे." मग म्हणाल्या, "ह्या खेपेला थांबले तर परत कधी नाही यायची."

आतून मनकर्णाबाई म्हणाली, "बसतील की. बसण्याचंच तर खातात."

कार्यक्रमाच्या दिवशी मी तीन वाजताच पोचलो. रंगमंचावर तात्यासाहेब आणि डॉक्टर ताहेरा यांचं काहीतरी चाललं होतं. मधोमध एक सोफा ठेवला होता. लाल मखमल, सोनेरी पाय, दोन्ही हातांवर मोर आणि पाठीवर बदाम. मंडपवाल्यानं पाठवलेला.

"तात्यासाहेब, हे शादीचं सामान आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"मखमल चांगली आहे, डॉक्टर. मी पुस्तकात चित्र पाहिलंय. पेशंट आडवा असतो आणि डॉक्टर मागं बसतो. पोस्टरवर तेच छापलंय."

"पण ह्या पेशंट नाहीत. आम्ही नुसतं बोलणार आहोत. समोरासमोर दोन खुर्च्या द्या."

"लोक सोफा बघायला येतील हो."

तेवढ्यात आशाबाई आल्या. सोफा बघून म्हणाल्या, "मी यावर आडवी होणार नाही. मी काय बाळंतीण आहे?"

बरंच बोलणं होऊन मधला मार्ग निघाला. आशाबाई सोफ्यावर बसतील, आणि डॉक्टरांची खुर्ची पोस्टरप्रमाणं मागं राहील. मागं म्हणजे डाव्या विंगेला लागून, माझ्यापासून चार हातांवर. आशाबाईंनी जरा मान वळवली की त्यांना आधी मी दिसणार, मग डॉक्टर. ही मांडणी तात्यासाहेबांची. सगळा दोष माझा नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

आणखी एक झालं. डॉक्टरांनी काय काय विचारणार ते टाइप करून तात्यासाहेबांकडं दिलं होतं, नऊ प्रश्न. तात्यासाहेबांनी तो कागद माझ्या हातात दिला. "रंगमंच म्हटला की विंगेत कागद पाहिजे. डॉक्टर पहिल्यांदाच इतक्या लोकांसमोर बोलतात, सवय नाही. अडल्या तर बघ."

कागद हातात आला आणि खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली. आयुष्यात पहिल्यांदा मी विंगेत असा कागद धरून बसलो होतो, जो मला वाचता येत होता. वाचायला शिकल्यावरही नाटकाच्या वह्या पाठच असायच्या, हा नव्हता. बोट लावून एकेक ओळ सावकाश वाचली की अक्षरं उठून बोलत होती. फक्त अर्थ थोडा मागून यायचा. आधी अक्षर, मग शब्द, मग वाक्य, आणि ते तोंडातून बाहेर पडलं की मग अर्थ. आजही मी असंच वाचतो.

पाच वाजता पडदा उघडला. हॉल भरला होता. तात्यासाहेब पहिल्या रांगेत, गुडघ्यावर घड्याळ.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला. "आशाबाई, रंगमंचावर पहिल्यांदा उभ्या राहिलात, तेव्हाचं काय आठवतं?"

आशाबाई छान बोलल्या. पडद्याच्या धुळीचा वास, आईनं घट्ट घातलेली वेणी, पहिलं वाक्य बोलल्यावर स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला ते. लोक ऐकत होते. मग त्या थांबल्या. त्यांचं सांगून झालं होतं.

आता डॉक्टरांनी बोलायचं. डॉक्टर बोलेनात.

पुढं मला कुणीतरी समजावलं की गप्प बसणं हेच त्यांचं काम असतं. आपण गप्प बसलं की समोरच्याच्या आतलं आणखी बाहेर येतं, त्यासाठी त्या मुद्दाम थांबतात, आणि हे शिकायला वर्षं लागतात. मला काय माहीत! मला दिसत होतं ते एवढंच की भरल्या हॉलमधे एक बाई हातांकडं बघत बसली आहे आणि तिचं वाक्य आलेलं नाही.

एक. दोन. तीनच्या आत मी कागदावर बोट ठेवून डॉक्टरांना दुसरा प्रश्न दिला. "लहानपणी तुम्हाला कशाची भीती वाटायची?"

डॉक्टरांना विंगेतून ऐकायची सवय नव्हती, त्यांनी काही ऐकलं नाही. सवय होती आशाबाईंना. त्यांनी मान डॉक्टरांकडं वळवली आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "लहानपणी तुम्हाला कशाची भीती वाटायची?"

हॉलमधे खसखस पिकली. डॉक्टरांनी मान वर केली. त्यांच्या धंद्यात प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, म्हणून त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं, मला कशाची वाटत असेल?"

हे कागदावर नव्हतं. आशाबाई माझ्याकडं बघायला लागल्या. डोळ्यांत तीच जुनी भीती. त्यांना तसं सोडून कसं चालेल? मी तिसरा प्रश्न दिला. आशाबाई बोलल्या, "तुमच्या घरात रागावण्याचा हक्क कुणाला होता?"

डॉक्टर हसल्या. मग हसू गेलं. चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अब्बांना."

सगळा हॉल पुढं वाकला. चौथा प्रश्न होता, "ते रागावले की काय व्हायचं?" मी दिला, आशाबाईंनी विचारला.

"बोलायचे नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "आठ-आठ दिवस. जेवायला बसले तरी नाही. अम्मी आम्हाला सांगायची, अब्बांना सांगा भात झाला. आणि अब्बा दोन हातांवर बसलेले. मला त्या गप्प बसण्याची भीती वाटायची."

पाचवा प्रश्न. "मोठेपणी त्या भीतीचं तुम्ही काय केलंत?"

डॉक्टर बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "आता मी स्वतः दिवसभर गप्प बसते. आणि लोक अपॉइंटमेंट घेऊन येतात."

हॉल टाळ्यांनी दणाणला. तात्यासाहेबांनी घड्याळ खिशात टाकलं. आशाबाईंचा चेहरा उजळला होता. सोफ्यावर त्या अशा बसल्या होत्या की ते मोर, तो बदाम सगळं त्यांचंच वाटत होतं. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या संपायची वाट न बघता सहाव्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचत सुटलो. अक्षर, शब्द, वाक्य. "रंगमंचावर कधी शब्द हरवले होते का? त्या दिवशी नेमकं काय झालं होतं?"

अर्थ मागून आला. तोवर वाक्य तोंडातून गेलेलं होतं, आणि आशाबाईंच्याही तोंडातून गेलेलं होतं.

त्या थांबल्या. हा प्रश्न डॉक्टरांना नाही, आपल्यालाच आहे, हे त्यांना बोलल्यावर कळलं. डॉक्टरांनाही कळलं असावं, कारण त्यांनी चष्मा चढवला आणि त्या पुन्हा आपल्या कामाला लागल्या, म्हणजे गप्प बसल्या.

एक. दोन. तीन.

चार. पाच. हॉल तोच होता, विंग तीच होती. आशाबाईंचा चेहरा अकरा वर्षांपूर्वीसारखा पांढरा पडला. पहिल्या रांगेत तात्यासाहेबांनी घड्याळ परत बाहेर काढलं. आणि आशाबाईंनी हळूच मान वळवून विंगेकडं पाहिलं.

मी कागदाकडं पाहिलं. कागद मला वाचता येत होता, पण त्यावर उत्तरं नव्हती. नऊ प्रश्नच होते. सहा. सात. काहीतरी द्यायला पाहिजे होतं, आणि माझ्याकडं देण्यासारखं एकच होतं. अकरा वर्षं तोंडात धरून ठेवलेलं.

मी दिलं. "चिठ्ठी हातात होती. पण मला वाचता येत नव्हतं."

आणि आशाबाई, सवयीप्रमाणं, भरल्या हॉलसमोर, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चिठ्ठी हातात होती. पण मला वाचता येत नव्हतं."

हॉलमधे कुणी हललं नाही. पहिल्या रांगेत एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मला थांबायला पाहिजे होतं, पण एकदा सुरू झालं की वाक्य अर्धं ठेवायची मला सवय नाही. "इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली."

"इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही," आशाबाई म्हणाल्या. या वेळी सावकाश. त्या आता माझ्याकडंच बघत होत्या, आणि त्यांना कळलं होतं. "लाज वाटली."

मी पुढचं काही द्यायला तोंड उघडलं. त्यांनी सोफ्यावरूनच हात वर केला, तळवा माझ्याकडं. बास. मी तोंड मिटलं. मग त्या नुसत्या बसून राहिल्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, कारण मोजायचं माझ्याकडून राहून गेलं. कुणाच्या खुर्चीचा आवाज नाही, खोकला नाही. शेवटी डॉक्टर ताहेरा हलक्या आवाजात म्हणाल्या, "आपली वेळ संपली."

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी मागच्या दारानं निघून, रिक्षा न करता, पायी मुकुंदवाडी गाठली.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. ज्येष्ठ अभिनेत्रीची जाहीर कबुली, निरक्षर असूनही पंचवीस नाटकं केवळ ऐकून पाठ. मनकर्णाबाईनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी म्हटलं, "मला येतं वाचता." ती म्हणाली, "येतं म्हणूनच हे झालं."

दुपारी आशाबाई दारात उभ्या. हातात पाटी, पेन्सिल आणि अंकलिपी. सकाळी साक्षरता समितीचे चार लोक त्यांच्या घरी येऊन शाल आणि हे सामान देऊन गेले होते.

"पुंजारामभाऊ, मी मॅट्रिक आहे," त्या म्हणाल्या.

"व्हय, आशाबाई."

"माझ्या शिवणाच्या वर्गातल्या बायका सकाळपासून माझ्याशी हळू आणि मोठ्यानं बोलतायत. त्यातल्या आवडाबाईनं मला ब्लाउजच्या मापावरचा आकडा बोट लावून समजावला."

 मनकर्णाबाई चहा टाकायला आत गेली आणि दारामागंच उभी राहिली.

"अकरा वर्षं मला वाटत होतं, माझं डोकं गेलं," आशाबाई म्हणाल्या. आता त्या चेष्टा करत नव्हत्या. "वाक्य मी विसरले ते खरंच आहे, भाऊ. ते माझं. पण वाचता आलं नाही ते तुमचं होतं. तुम्ही मला दोन्ही एकटीला उचलायला लावलं."

"चुकलं, आशाबाई. लई चुकलं."

"सांगायचं होतं."

"तोंडापर्यंत यायचं. पण मला कोण देणार होतं विंगेतून?"

 आशाबाईंचे ओठ हलले आणि एकदम हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसले. म्हणाल्या, "शिक्षा ऐका. पेपराला लिहून द्या. स्वतःच्या हातानं. वाचता येत नव्हतं ते तुम्हाला, मला नाही."

माझं छापून आलेलं पहिलं लिखाण म्हणजे तो खुलासा. चार ओळी, तीन दिवस. मनकर्णाबाईनं त्यातल्या नऊ वेलांट्या बदलल्या. पेपरानं तो छापलाही. आणि तो वाचून सगळं शहर म्हणालं, बघा, बाईंची लाज झाकायला या म्हाताऱ्यानं दोष स्वतःच्या अंगावर घेतला, अशी माणसं आता राहिली नाहीत. पुढच्या रविवारी तात्यासाहेबांनी मला नारळ आणि शाल दिली. मी माईकवर खरं सांगायला लागलो तर ते म्हणाले, "पुरे, पुंजाराम, किती मोठं मन करशील," आणि माईक काढून घेतला. साक्षरता समितीनं आशाबाईंना प्रचारासाठी बोलावलं. त्यांनी मॅट्रिकचं प्रमाणपत्र दाखवलं, तर समिती म्हणाली, इतक्या लवकर!

भूमिका मात्र आशाबाईंना मिळाली. पहिल्या प्रयोगाची सगळी तिकिटं गेली, निम्मे लोक निरक्षर बाई कशा बोलतात ते बघायला आले होते. आशाबाईंनी तात्यासाहेबांना एकच अट घातली होती, विंगेत कुणी नको.

"मी पण नको?" मी विचारलं होतं.

"तुम्ही तर आधी नको," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्हाला हात केला आणि मग गप्प बसले ना, तेव्हा कळलं. गप्प बसल्यावर काही होत नाही. लोक थांबतात. डॉक्टरांकडनं मी तेवढंच शिकले. या नाटकात मी थांबणार आहे, भाऊ. मुद्दाम. तुम्ही समोर बसायचं."

तर आयुष्यात पहिल्यांदा मी नाटक समोरून पाहिलं. दुसरी रांग. शेजारी मनकर्णाबाई, तिच्या मांडीवर उस्मानपुऱ्यातल्या बेकरीच्या नानखटाईचा पुडा. पुडा आशाबाईंनी पाठवला होता, आणि तो कधी व कसा वापरायचा तेही मनकर्णाबाईला समजावून दिलेलं होतं. आशाबाई रंगमंचावर गप्प झाल्या की मनकर्णाबाई माझ्या तोंडात अख्खी नानखटाई कोंबायची. पहिल्या अंकात तीन, दुसऱ्यात चार.

तिसऱ्या अंकात ती जागा आली. आशाबाई एकट्या, हातात मुलाचं पत्र. पत्र वाचून त्या थांबल्या. एक. दोन. तीन. मनकर्णाबाईचा हात आला. चार. पाच. त्या तशाच उभ्या, विंगेकडं एकदाही न बघता. सहा, सात, आठ. सगळा हॉल त्यांच्याबरोबर उभा होता. नऊ मोजल्यावर त्या बोलल्या, आणि माझ्या मागं कुणीतरी रडायला लागलं.

पुढं डॉक्टर ताहेरांनी मला विचारलं, "पुंजारामजी, त्या वेळी तुम्हाला गप्प राहता आलं?"

मी म्हटलं, "व्हय."

हे अगदी खरं नाही. चौथ्यालाच मी वाक्य दिलं होतं. पण तोंड भरलेलं असल्यामुळं ते आशाबाईंपर्यंत पोचलं नाही. पुढच्या रांगेतल्या तात्यासाहेबांच्या कोटापर्यंत तेवढं गेलं.